‘मिस्त्री’ म्हणणारे सर

आमच्या सरांचा डावा हात कायम पँटच्या खिशात असायचा. वर्गात, बाजारात, तहसीलमध्ये साहेबासमोर, कुठंही. ज्यांची ओळख नव्हती त्यांना वाटायचं, माणूस मोठा मिजासखोर आहे. लग्नाच्या जेवणात ते उजव्या हातात ताट धरून उभे राहायचे आणि आता जेवायचं कशानं असा प्रश्न पडला, की मगच नाइलाजानं डावा हात बाहेर यायचा.

चालू बोर्ड तपासताना एकच हात पुढं करायचा, हा आमच्या धंद्यातला जुना नियम. दोन्ही हात पुढं गेले आणि एक तारेला, दुसरा लोखंडी पेटीला टेकला, तर करंट एका हातानं शिरतो आणि दुसऱ्यानं निघतो.

"अन् बीचमध्ये काय असते?" सर विचारायचे.

"दिल!" आम्ही सगळे ओरडायचो.

"मंग दिलवाले, हात खिशात."

आयुष्यभर हा नियम पाळून त्यांच्या हाताला ती सवयच लागली होती. समोर बोर्ड असो की वरमाय, हात खिशात.

बारावी झाल्यावर मी चिमूरला इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली काम करायचा सहा महिन्यांचा कोर्स धरला. आमच्या तुकडीत वीस जण होते, त्यात आम्ही तीन मुली. कोर्स संपला की सर ज्यांची नावं पाठवतील, त्यांना कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात अप्रेंटिस म्हणून घ्यायचे. त्या एका यादीसाठी आम्ही सगळे तिथं आलो होतो. माझं गाव एसटीनं सव्वा तास, अगदी जंगलाला टेकून. घरी धानाची शेती. मी चिमूरला मावशीकडं राहायची.

पहिल्या दिवशी सरांनी कोणाचंच नाव विचारलं नाही. दारात उभे राहून एकेकाला म्हणत होते, "या मिस्त्री. बसा मिस्त्री."

एक मुलगा लाजून म्हणाला, "सर, आमी अजून मिस्त्री कुठी झालो?"

"मंग कधी होसान? कागद भेटल्यावर? करंट कागद वाचत नाई बापा. तो सगळ्यांले मिस्त्रीच समजते."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. मला मात्र आत कुठंतरी बरं वाटलं. घरी मी पोट्टी होते, मावशीकडं पाहुणी होते, आणि इथं आल्या आल्या मिस्त्री.

सरांच्या अब्बांचं बाजारात मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. आता ते धाकटा भाऊ चालवायचा. सर लहानपणापासून तांब्याच्या तारेत वाढलेले. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं आपलं, आणि रागावले की पूर्ण हिंदी. ‘करंट लागला’ हा शब्द त्यांच्या वर्गात कोणी काढायचा नाही. "तो कोणाले लागाले जात नाई. तो आपल्या तारेत सरळ जाऊन राह्यला असते. आपणच जाऊन त्याले लागतो," म्हणायचे. कोणी चुकून बोललाच, तर त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून वाक्य दुरुस्त करायचं, "सर, मी करंटले लागलो."

पहिले दोन आठवडे त्यांनी आम्हाला तारेला हात लावू दिला नाही. शिडी शिकवली. तीही वर चढायची नाही, खाली उतरायची. "चढाले तर माकडालेही येते. हातात हत्यार, डोक्यात घरची फिकीर, अन् खालून मालक बोंबलून राह्यला, तवा उतरून दाखवा." मग ते खाली उभे राहून खरंच बोंबलायचे. मालकाच्या आवाजात, मालकिणीच्या आवाजात, एकदा तर रडणाऱ्या लेकराच्या आवाजात. शेजारच्या शिवणकामाच्या वर्गातल्या बाया खिडकीला येऊन पाहायच्या. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण आज तीन मजले वरून उतरताना खाली कोणी कितीही ओरडलं, तरी माझा पाय पायरीच शोधतो.

दारात रोज बुटांचे तळ पाहायचे. नाल ठोकायला आणलेल्या घोड्यासारखा पाय मागं उचलून दाखवायचा. एका मुलाच्या बुटाच्या तळातून खिळा आरपार आलेला होता. घरी दुसरे बूट नव्हते. सरांनी आपले बूट काढून त्याला दिले आणि दिवसभर स्वतः एका लाकडी पाटावर उभं राहून शिकवलं. फळ्याच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं तर पाट पायानं सरकवत सरकवत जायचे. त्या दिवशीही कोणी हसायची हिंमत केली नाही.

त्यांची एक गोष्ट गावभर झाली होती. ओळखीच्यांकडं दुपारचं लग्न होतं. मांडवाच्या लोखंडी खांबाला डीजेची वायर गुंडाळलेली, आणि जोडावर नुसता प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा बांधलेला. सरांनी ते पाहिलं. कोणाला काही न विचारता जनरेटरकडं गेले आणि मशीन बंद केलं. नवरदेवाचे मित्र ऐन नाचात होते. ते धावून आले. सर जनरेटरच्या बाजूला खुर्ची टाकून, मांडीवर ताट घेऊन बसले.

"चालू करा ना चाचा!"

"जोडावर टेप मारा, मी उठतो."

"टेप कुठून आणाव आता?"

"माझ्या सायकलच्या पिशवीत आहे. तवरक मी बुंदी खातो."

नवरदेवाचा मामा येऊन शिव्या देऊन गेला. सरांनी बुंदी संपवली, वर पाणी मागितलं. शेवटी त्या पोरांनीच टेप आणली. कशी मारायची ते सरांनी बसल्या जागेवरून सांगितलं आणि दोनदा उकलायला लावली. मग स्वतः उठून मशीन चालू केलं आणि नवरदेवाला हात मिळवून घरी गेले. उजवा हात, अर्थात.

असे का झाले असतील, यावर आमच्यात पुष्कळ चर्चा व्हायची. कोणी म्हणे, त्यांच्या डोळ्यासमोर कोणीतरी खांबावरून गेला. कोणी म्हणे, अब्बांचा मार. मी कधी विचारलं नाही. तेवढी जवळीक करून घ्यायचा त्यांचा स्वभावही नव्हता, आणि नंतर माझं त्यांच्याशी जे झालं, त्यामुळं तर बोलणंच तुटलं होतं.

दर सोमवारी पहिला तास एकाच प्रश्नाचा असायचा. "काल हातानं काय केलं?" प्रत्येकानं सांगायचं. कोणी घरचा पंखा दुरुस्त केला, कोणी काकाच्या दुकानात होल्डर बदलला. सर कान देऊन ऐकायचे आणि प्रत्येकाला शेवटी विचारायचे, "काऊन?" असंच का केलं, तसं का नाही, ते सांगता आलं पाहिजे.

धान निसवून दाण्यात दूध भरायचे दिवस होते. मी त्या सोमवारची वाट पाहत होते, कारण माझ्याकडं सगळ्यांहून मोठं काम होतं. रानडुकरांनी आमच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, तुडवायला सुरुवात केली होती. डुक्कर जेवढं खाते त्याच्या दुप्पट लोळून खराब करते. बाबा रोज माळ्यावर जागलीला जायचे, डबा बडवायचे. डुकरं तेवढ्यापुरती सरकायची आणि दुसऱ्या बाजूनं यायची. रविवारी बाबा मला म्हणाले, "तू तर आता करंटचं शिकून राह्यली. कुंपणाले देता येईन का?"

आजूबाजूच्या गावांत लोक करायचे तसं. मी केलं. बांबूच्या खुंट्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधून त्यावरून शेताला तार फिरवली, आणि पाण्याच्या मोटरच्या पेटीतून एक फेज काढून तारेला जोडली. जोड इतका सुबक झाला होता, की मी त्याचा मोबाइलवर फोटो काढला. संध्याकाळी लाइन आली की बाबांनी खटका चालू करायचा, सकाळी बंद. बाबांनी आईला सांगितलं, "पोट्टीनं काम केलं." एवढी शाबासकी मला बापानं जन्मात दिली नव्हती.

सोमवारी माझी पाळी आली. मी उभी राहिले, सगळं सांगितलं आणि फोटोसुद्धा दाखवायला पुढं गेले. सरांनी फोटो पाहिला. "काऊन?" विचारलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. अकरा वाजले होते.

"लाइन कधी येते तुमच्याकडं?"

"सहा-सातले, सर."

"बारा वाजताची गाडी आहे. चला."

"सर, मी बाबाले फोन करतो ना."

"फोननं तार निघत नाई."

वर्गाला सुट्टी दिली. बाकीच्या दोघी मुलींनाही त्यांनी सोबत घेतलं. एकट्या माझ्याबरोबर गावात उतरले असते, तर लोकांनी भलतंच काही विचारलं असतं, हे मला पुढं कळलं.  जाता-येताचं तिकीट चौघांचं त्यांनीच काढलं.

बाबा शेतातच होते. मास्तर आले म्हणून आधी खूश झाले, पंच्यानं बांध झटकून म्हणाले, "बसा सर."

"बसतो भाऊ. आधी तुमचं वावर दाखवा."

दोघं कुंपणाच्या कडेनं चालायला लागले. आम्ही तिघी मागं. पहिल्या कोपऱ्यावर सर थांबले.

"इकडून कोण येते?"

"शेजारचा येते. पाणी पाहाले."

"कधी?"

"लाइन आली का. रातच्याले."

"त्याले सांगितलं?"

"सांगितलं ना."

"त्याच्या बायकोले? त्याचा पोरगा आला त त्याले?"

बाबा पुढं चालायला लागले. पुढच्या बाजूला नाला होता. "इकडून?"

"इकडून कोणी नाई सर. गुराखी येते, पण दिवसा. दिवसा बंदच असते."

"बंद कोण करते?"

"मीच."

"अन् तुमाले डोळा लागला त?"

बाबांच्या कपाळाला आठी पडली. तिसऱ्या बाजूला गावाकडून येणारी पायवाट होती, आणि तार नेमकी तिच्यावरून गेली होती. सरांनी बोट दाखवलं, तोंडानं काही विचारलं नाही. बाबाच सांगायला लागले, "ही वाट तर आमचीच आहे. इकडून इची माय येते. डबा घेऊन..." आणि तिथंच थांबले.

आई लाइन यायच्या आधी यायची, हे खरं. पण आदल्या दिवशी तिला उशीर झाला होता, आणि बाबांना खटक्याशी आठवण झाली म्हणून ते थांबले होते. हे बाबांनी मला खूप दिवसांनी सांगितलं. त्या वेळी मी फक्त त्यांचा चेहरा पाहिला. तो सुबक जोड माझ्या हातचा होता.

सर माझ्याकडं वळले. "मिस्त्री, काढा."

मी पेटीकडं धावले. "धावू नका," ते मागून म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडून एकेक गोष्ट रीतसर करून घेतली. खटका बंद. फ्यूज काढून माझ्याच खिशात. टेस्टर आधी स्वतः चांगला आहे का ते पाहणं, मग पेटीवर, मग तारेवर. लाइन नव्हती तरी. "लाइन येणार नाई, हे तुमाले कोणी लिहून देल्लं?"  पूर्ण तार गुंडाळायला तास गेला. सर बांधावर उभे होते, हात खिशात. एका शब्दानं रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

बाबा रागावले. "अन् डुकरं आले त? भरून देसान का तुमी?"

"नाई देऊ शकत भाऊ. पण चार दिवस द्या मले."

त्या चार दिवसांत डुकरांनी आमची एक अख्खी बांधी झोपवली. पाचव्या दिवशी सर झटका मशीन घेऊन गावात गेले. बॅटरीवरची ती मशीन, जी जनावराला क्षणभर चटका देऊन पळवते, मारत नाही. त्यांच्या भावाच्या दुकानात कोणीतरी दुरुस्तीला टाकून विसरून गेलेली जुनी मशीन होती. सरांनी ती नीट केली आणि गावात जाऊन स्वतः लावून दिली. पण बाबा माझ्याशी बोलेनात. गेलेल्या बांधीचा राग होता, की पायवाटेची लाज, मला कळत नव्हतं. मी रविवारी घरी जाणं सोडलं. मावशीकडंच पडून राहायची. दिवाळीच्या चार दिवस आधी बाबांचा अचानक फोन आला. "ये ना वो पोट्टे घरी. माय वाट पाहून राह्यली." एवढंच बोलले. मी फोन ठेवून खूप रडले आणि दुसऱ्या दिवशी गेले.

परीक्षा झाली. लेखी आणि हातकामात मी पहिली आले. मग यादी लागली. अकरा नावं होती. त्यात माझं नव्हतं.

मला वाटलं चूक झाली. सरांकडं गेले. ते एका जुन्या स्टार्टरचे स्क्रू मोजत होते.

"चूक नाई. अजून सहा महिने बसा."

"मी पहिली आली ना सर!"

"हो. हुशार आहा म्हणूनच. जो हुशार नाई त्याच्या हातून असा जोड होत नाई."

मी त्यांना त्या दिवशी मनातल्या मनात जे जे बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मावशीला सांगितलं, मावशीनं घरी फोन केला. तिसऱ्या दिवशी बाबा केंद्रात हजर. डोक्यावर नव्या तांदळाचं बाचकं. आयुष्यात कोणापुढं हात न जोडणारा माझा बाप सरांपुढं हात जोडून उभा राहिला.

"सर, तार लावाले मी सांगितलं होतं. पोरीची काही चूक नाई. तिची शिक्षा मले द्या."

सरांनी बाबांचे हात धरले. कोणाशी बोलताना त्यांचे दोन्ही हात बाहेर आलेले मी तेव्हाच पाहिले.

"भाऊ, तुमी शेतकरी आहा. तुमी बाप म्हणून सांगितलं, तुमचं चुकलं तर मी समजू शकतो. पण जोडलं इनं. ही मिस्त्री आहे. मिस्त्रीनं बापाले नाई म्हणाले पाहिजे होतं."

बाबांनी हात सोडवून घेतले. मला वाटलं, आता चालू पडतील. ते माझ्याकडं वळले आणि निराळ्याच आवाजात म्हणाले, "बस मंग अजून सहा महिने." त्या आवाजात हार नव्हती. आपली पोर कोणाला तरी नाही म्हणू शकते, म्हणायला पाहिजे, हे त्यांना पहिल्यांदा कोणी सांगितलं होतं. तांदळाचं बाचकं सरांनी परत पाठवलं. बाबांनी ते मावशीकडं ठेवलं.

मी बसले. नव्या तुकडीत, नव्या मुलांबरोबर, पुन्हा तीच शिडी. सरांशी कामापुरतं बोलायची. ते मला नव्या मुलांचे बूट तपासायला सांगायचे, जोड तपासायला सांगायचे. मी तपासून उकलायला लावायची. हळूहळू मुलं मला घाबरायला लागली आणि एक दिवस लक्षात आलं, की मीही त्यांना "काऊन?" असंच विचारते. राग मात्र गेला नव्हता.

सहा महिन्यांनी यादी लागली, तेव्हा पहिलंच नाव माझं होतं. कारखान्यात रुजू व्हायच्या आधी मी दोन दिवस घरी गेले. आईनं लाखोरीची डाळ आणि भात केला होता. जेवताना बाबा म्हणाले, "तुह्या सरले ही डाळ लय आवडे."

माझा घास थांबला. "सर इथी कधी जेवले?"

बाबांनी आईकडं पाहिलं. आईनं पाट सरकवल्यासारखं केलं. मग बाबा म्हणाले, "आता सांगतो त काय होते. तू तवा घरी येत नव्हती ना. ते दर रविवारी येत. धान कापेपर्यंत. मशीन पाहाले म्हणत. तार फिरून पाहत, मंग माझ्यासंगं बांधावर जेवत. तुले सांगू नका म्हणत." थोडं थांबून म्हणाले, "दिवाळीच्या आधी त्याईनंच म्हटलं, भाऊ, पोरीले फोन करा. पोरगी वर्गात हसत नाई."

म्हणजे तो फोन. मी ज्याच्यावर इतकी रडले होते, तो फोन. आणि मी त्या माणसाशी सहा महिने तोंड वाकडं करून वागले होते. मी ताट तसंच ठेवून उठले. बाबा म्हणाले, "आता काऊन उठते? जेव आधी, मंग जाय."

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन मी सरांच्या घरी गेले. ते अंगणात सायकलची चेन धूत होते. मी पाया पडायला वाकले, ते दोन पावलं मागं सरकले. मी पेढ्यांचा पुडा पुढं केला आणि सरळ विचारलं, "सर, तुमी दर रविवारी आमच्या गावाले जात होते?"

त्यांनी पुडा घेतला, सावकाश उघडला आणि एक पेढा तोंडात टाकला.

"हो. वांगी आणाले जात होतो. तुमच्याकडचे वांगे चांगले राह्यते, मिस्त्री."

 सरांनी पुन्हा चेनकडं तोंड फिरवलं.

आमच्या वावरात धान होते आणि बांधावर तूर. वांगं आजवर कोणी लावलेलं नाही.